छंदाच्या सीएनसी मिलिंग यंत्रावर स्पिंडल जी-कोडला जुमानत नाही : व्हीएफडी, पीडब्ल्यूएम आणि अर्थिंग

कोलशेतकर

सर्व सभासदांस नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका सामाईक गाळ्यात आम्ही काही हौशी मंडळींनी मिळून एक छोटे सीएनसी मिलिंग यंत्र उभे केले आहे. टेबल साधारण ६०० बाय ४०० मिलिमीटरचे आहे. नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो, त्यावर सीएनसी शिल्ड व्ही३ आणि जीआरबीएल १.१ हे जी-कोड वाचून यंत्र चालवणारे फर्मवेअर आहे. स्टेपर मोटरचे ड्रायव्हर बाहेरचे आहेत. स्पिंडल १.५ किलोवॉटचा, पाण्याने थंड होणारा, ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएमचा असून तो २३० व्होल्ट सिंगल फेजवरील चिनी व्हीएफडीला (वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) जोडलेला आहे. आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम सिग्नल ० ते १० व्होल्टमध्ये बदलण्यासाठी मध्ये एक कन्व्हर्टर मॉड्यूल बसवले आहे.

अडचणी तीन आहेत. जी-कोडमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांत, एम३ एस१२००० (एम३ म्हणजे फिर, एस म्हणजे वेग) लिहिले काय किंवा एस१८००० लिहिले काय, स्पिंडल थेट २४,००० वरच जातो. ३ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक कापताना चुरा पडण्याऐवजी ते वितळून कटरला गुंडाळले जाते आणि थंड झाल्यावर पकडीने ओढूनही निघत नाही. दुसरे म्हणजे, एम५ (थांब) दिल्यावर स्पिंडलचा वेग उतरतो, पण तो पूर्ण थांबत नाही. व्हीएफडीच्या पडद्यावर १२० हर्ट्झ हा आकडा तसाच राहतो. तिसरे, स्पिंडल सुरू होताना अधूनमधून ‘अलार्म १’ येऊन यंत्र जागच्या जागी थांबते, वास्तविक त्या वेळी एकही अक्ष लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचल्याचे सांगणाऱ्या स्विचच्या) आसपास नसतो.

व्हीएफडीचे पॅरामीटर असे आहेत : पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही १ (चालू-बंद आणि वेग दोन्ही बाहेरच्या टर्मिनलवरून), पीडी००५ (कमाल वारंवारता) वर ४००, पीडी०११ वर १२०, पीडी०७० वर ०. एफओआर आणि डीसीएम ही फिरण्याच्या आज्ञेची टर्मिनले तारेच्या तुकड्याने कायमची जोडलेली आहेत, कारण विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रात तशीच जोडणी दाखवली होती. गणपतीच्या मखराच्या एमडीएफ जाळ्या आणि अ‍ॅक्रिलिकची अक्षरे कापून द्यायची आहेत, त्यामुळे लवकर मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

घणसोलीवाला

व्हीएफडीच्या तोंडावरची नॉब फिरवून वेग ठेवावा. छंदाच्या कामाला एवढे पुरते. आम्ही वर्षानुवर्षे असेच चालवतो आहोत.

जुना_फिटर

घणसोलीवाले म्हणतात ते एका कटरने एकच काम करणाऱ्यासाठी ठीक आहे. परंतु एम५ दिल्यावर स्पिंडल थांबत नसेल तर नॉब वापरूनही ती अडचण तशीच राहते, आणि तीच या तिघांपैकी सर्वांत धोक्याची आहे. कटर बदलण्यासाठी हात आत घालणारा माणूस यंत्राने एम५ वाचले या भरवशावरच हात घालतो.

कोलशेतकर, आपण माहिती नेटकी दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. पहिली विनंती अशी की आता एकाही पॅरामीटरला हात लावू नका. स्पिंडलच्या तक्रारीत लोक व्हीएफडीच्या पुस्तिकेतले आकडे एकामागून एक बदलत सुटतात आणि शेवटी मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आज्ञा प्रथम जी-कोडमधून जीआरबीएलकडे जाते, तेथून आर्डुइनोच्या पिनवर, पिनवरून कन्व्हर्टरमध्ये, कन्व्हर्टरमधून व्हीएफडीच्या टर्मिनलवर आणि तेथून पॅरामीटरच्या हिशोबाने स्पिंडलकडे. या साखळीच्या मधोमध मल्टिमीटर लावला की अर्धी साखळी एका मापातच निर्दोष ठरते. रबाळ्याच्या कारखान्यात देखभाल खात्यात असताना आम्ही मोठ्या यंत्रांनाही हीच रीत लावत होतो.

मापन असे करावे. मेन स्विच बंद करून व्हीएफडीवरील दिवा पूर्ण विझेपर्यंत आणि त्यानंतरही निदान दहा मिनिटे थांबावे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएफडीच्या आत डीसी बसवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटर तो दाब काही काळ धरून ठेवतात. मग एफओआर–डीसीएमची तार काढून ठेवावी, म्हणजे मापन चालू असताना स्पिंडल फिरण्याचा प्रश्नच येणार नाही. आता फक्त आर्डुइनो आणि कन्व्हर्टर चालू करून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळी पिन आर्डुइनोच्या ग्राउंडला आणि लाल पिन डी११ ला, म्हणजे पीडब्ल्यूएमच्या पिनला, लावावी, आणि एम३ एस६०००, एस१२०००, एस१८०००, एस२४००० असे आदेश हाताने द्यावेत. पीडब्ल्यूएम म्हणजे ठरावीक गतीने चालू-बंद होणारे ५ व्होल्ट. साधा मल्टिमीटर त्यांची सरासरी दाखवतो. सर्व काही ठीक असेल तर अनुक्रमे १.२५, २.५, ३.७५ आणि ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हे चार आकडे येथे लिहावेत. पुढचे त्यानंतर बोलू.

कोलशेतकर

मापन केले. चारही वेळा ५ व्होल्टच मिळाले, अगदी थोडेसे कमी. एम५ दिल्यावर शून्य. सहज म्हणून एस५०० देऊन पाहिले तर साधारण २.५ व्होल्ट दिसले, याचा अर्थ मला लागलेला नाही.

जुना_फिटर

त्या सहज दिलेल्या एस५०० नेच उत्तर दिले आहे. टर्मिनलवर डॉलरची खूण दोनदा टाइप करून सेटिंगची यादी काढा आणि $३० पाहा. तेथे १००० हा आकडा असणार.

कोलशेतकर

होय, $३०=१००० आहे. $३१=० आणि $३२=० आहेत.

ऐरोली_सर्किट

फिटरकाकांनी बरोबर पकडले. जीआरबीएलमध्ये $३० म्हणजे पूर्ण पीडब्ल्यूएम ज्या वेगाला द्यायचा तो कमाल वेग, आणि फर्मवेअर कोरे टाकले की तो १००० असतो. एस मधील आकडा त्याच्या वर गेला की जीआरबीएल तक्रार न करता पूर्ण सिग्नल देतो, म्हणून १२,००० आणि १८,००० यांत फरक दिसला नाही. $३०=२४००० करा.

येथे आणखी एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवते. बरेच जण स्पिंडल कमी वेगाने फिरू नये म्हणून $३१ मध्ये ६००० किंवा ७००० भरतात. जीआरबीएल १.१ मध्ये $३१ चा अर्थ ‘याखाली जाऊ नको’ एवढाच नसतो. $३१ ते $३० हा पट्टा संपूर्ण पीडब्ल्यूएमवर पसरला जातो. म्हणजे $३१=६००० आणि $३०=२४००० असेल तर एस१२००० ला निम्म्याऐवजी साधारण एक-तृतीयांश सिग्नल मिळतो आणि व्हीएफडी ८,००० च्या आसपास फिरतो. व्हीएफडीचा हिशोब शून्य व्होल्टला शून्य हर्ट्झ असा सरळ असल्यामुळे $३१ शून्यच राहू द्या आणि किमान वेग व्हीएफडीमध्ये ठरवा. सिग्नलच्या पायऱ्या २५५ असतात, तेव्हा प्रत्येक पायरी सुमारे ९४ आरपीएमची पडते. एस१२०५० लिहून काटेकोरपणाची अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक चौकशी : आपण कन्व्हर्टरची तार शिल्डवर नेमकी कोठे लावली आहे? व्ही३ शिल्डवरची छपाई जुन्या जीआरबीएलच्या काळातली आहे. जेथे झेड लिमिट छापले आहे तेथे डी११ येते, आणि जेथे स्पिंडल एनेबल छापले आहे तेथे डी१२. जीआरबीएल १.१ मध्ये वेगनियंत्रणासाठी पीडब्ल्यूएम डी११ वर आणला आणि झेड लिमिट डी१२ वर नेला. छपाईवर विश्वास ठेवून तारा लावणाऱ्याचा स्पिंडलही चालत नाही आणि होमिंगच्या वेळी झेड अक्ष स्विचवर आदळतो तो वेगळाच.

कोलशेतकर

कन्व्हर्टर डी११ वर, म्हणजे झेड लिमिट छापलेल्या पिनवरच आहे; झेडचा स्विच दुसरीकडे आहे. होमिंग व्यवस्थित होते.

$३०=२४००० केल्यावर डी११ वर चारही आकडे आपण सांगितल्याप्रमाणे मिळाले. त्यानंतर कटर काढून, कॉलेट (कटर धरणारी पकड) रिकामा ठेवून स्पिंडल चालवला. आता वेग बदलतो, परंतु एस१२००० ला पडद्यावर २०० ऐवजी २५० हर्ट्झ येतात, म्हणजे १५,००० आरपीएम. एस१८००० आणि एस२४००० दोन्हींना ४०० च्या जवळ. पीडी०७२ (पूर्ण सिग्नलला मिळणारी वारंवारता) कमी करून हे जमवावे काय?

जुना_फिटर

नको. पीडी०७२ कमी केल्याने पडद्यावरचा आकडा जमेल, पण वरचा टोकाचा भाग कापला जाईल. पुन्हा मधोमध मापा. एस१२००० चालू असताना व्हीएफडीच्या व्हीआय आणि एसीएम टर्मिनलांमध्ये किती व्होल्ट आहेत? ५ व्होल्ट असून पडदा २५० दाखवत असेल तर व्हीएफडीचे गणित बिघडलेले आहे. तेथेच ५ हून जास्त असतील तर दोष कन्व्हर्टरचा. आपल्याकडे पीडी०७० शून्य, म्हणजे ० ते १० व्होल्टचा पर्याय आहे. तो ० ते ५ वर गेला असता तर एस१२००० लाच ४०० हर्ट्झ आले असते.

कोलशेतकर

व्हीआय–एसीएममध्ये ६.२ व्होल्ट आहेत.

ऐरोली_सर्किट

मग कन्व्हर्टरवरचा निळा प्रीसेट (जुळवणीचा बारीक पेच) फिरवा. ही मॉड्यूल कारखान्यातून जुळवून येतातच असे नाही. जुळवणी पूर्ण सिग्नलवर करू नका, कारण तेथे ते आधीच टोकाला जाऊन बसलेले असते आणि प्रीसेट बराच फिरवला तरी आकडा हलत नाही. एस१२००० वर ठेवून व्हीआयला बरोबर ५ व्होल्ट येईपर्यंत बारीक पेचकसाने फिरवा, मग एस६००० ला २.५ आणि एस१८००० ला ७.५ येतात का ते पाहा. तिन्ही ठिकाणी सरळ रेषेत आले तर काम झाले. कन्व्हर्टरला वीज १२ व्होल्ट किंवा त्याहून अधिक हवी. ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवणाऱ्याला १० व्होल्ट कधीच मिळणार नाहीत. शिवाय ५ व्होल्टच्या सिग्नलसाठी आणि २४ व्होल्टच्या सिग्नलसाठी वेगळा जंपर असतो, तो ५ च्या बाजूला असल्याची खात्री करा.

जीआरबीएल १.१ चा पीडब्ल्यूएम सुमारे १ किलोहर्ट्झचा असतो आणि या मॉड्यूलांना तो चालतो. जुन्या ०.९ मध्ये तोच ७.८ किलोहर्ट्झ होता. म्हणून जुने फर्मवेअर असलेल्यांच्या ऑप्टोकपलरवरच्या मॉड्यूलची रेषा वाकडी येते.

कळव्याचा_राऊटर

विषयांतर वाटल्यास क्षमस्व, पण माझी तक्रार याच जातीची आहे. माझ्या ३०१८ या छोट्या सीएनसी यंत्रावर एम३ दिल्यावर स्पिंडल फिरतच नाही, कटिंग सुरू झाल्यावर मात्र फिरू लागतो, आणि प्रत्येक जलद चालीत पुन्हा बंद पडतो. कटर लाकडात शिरताना फिरत नसतो. मोटर खराब झाली असावी काय?

ऐरोली_सर्किट

मोटरला काही झालेले नाही. त्या यंत्रावर मध्ये कधी लेझर मॉड्यूल बसवले होते ना? $३२ (लेझर मोड) पाहा, तेथे १ असेल. लेझर मोडमध्ये जी१, जी२, जी३ या कापण्याच्या चालींतच सिग्नल बाहेर पडतो आणि जी० या जलद चालीमध्ये तो बंद ठेवला जातो, जेणेकरून लेझर जाता-येता वस्तू जाळणार नाही. एम४ वापरले तर कोपऱ्यावर यंत्राची गती मंदावते तसा सिग्नलही कमी होतो. लेझरसाठी हे उत्तम, स्पिंडलसाठी घातक. $३२=० करा.

कळव्याचा_राऊटर

तेच होते. आभारी आहे.

कोलशेतकर

प्रीसेट जुळवला. २.५, ५ आणि ७.५ व्होल्ट तिन्ही मिळाले, आणि पडद्यावर १००… म्हणजे एस६००० ला १०० हर्ट्झ येणे अपेक्षित होते, तेथे १२० दिसतात; बाकी २०० आणि ३०० बरोबर आले. एम५ ला अजूनही १२० वर फिरत राहतो. व्हीआयवर त्या वेळी शून्य व्होल्ट आहेत.

जुना_फिटर

या दोन्ही आकड्यांचे मूळ एकच आहे. पीडी०११ ही वारंवारतेची खालची मर्यादा. आपण तेथे १२० ठेवले आहे, म्हणजे ७,२०० आरपीएम. एफओआर आणि डीसीएम जोडलेले असल्यामुळे व्हीएफडीच्या लेखी ‘फिर’ ही आज्ञा कायम आहे. एम५ ने वेगाचा व्होल्टेज शून्य होतो, पण फिरण्याची आज्ञा जात नाही. मग व्हीएफडी शून्य व्होल्ट वाचून आपली खालची मर्यादा पाळत बसतो. त्याचे काहीच चुकलेले नाही.

पीडी०११ शून्य केला की स्पिंडल थांबल्यासारखा दिसेल, आणि बरेच जण तेथेच थांबतात. मला ते मान्य नाही. ती खालची मर्यादा विनाकारण नाही. स्पिंडल फार हळू फिरवला तर जोर लागताच तो अडकतो आणि तापतो, आणि हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे त्याला तर हवाही मिळत नाही. शिवाय शून्य व्होल्ट म्हणजे ‘थांब’ असे मानल्यास कन्व्हर्टरमधील थोडासा बिघाड किंवा तारेवरचा गोंगाट स्पिंडल हलवू शकतो. वेग आणि चालू-बंद या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, त्या दोन वेगळ्या तारांनीच गेल्या पाहिजेत. एफओआर–डीसीएममधली तार काढून त्या जागी रिलेचा कोरडा संपर्क द्यावा. त्या वाटेवर बाहेरचा कोणताही व्होल्टेज लावायचा नाही, नुसता संपर्क.

ऐरोली_सर्किट

रिलेसाठी पिन कोणती हा पुढचा प्रश्न. डी११ वरूनच रिले चालवू नका. पीडब्ल्यूएमवर तो खडखडत राहील आणि एस२४००० लाच काय तो स्थिर बसेल. जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्पिंडलच्या दिशेची पिन एनेबल म्हणून वापरण्याची एक ओळ टिप्पणी करून ठेवलेली असते. ती खुली करून फर्मवेअर पुन्हा चढवले की डी१३ ही चालू-बंदची पिन होते. त्यामुळे एम४, म्हणजे उलट फिरणे, जाते. मिलिंगमध्ये त्याची गरज नाही. रिले मॉड्यूल लो-ट्रिगरचे (शून्य व्होल्टला चालू होणारे) असेल तर त्याच फाइलमधली पिन उलटी करण्याची ओळही खुली करावी लागते.

डी१३ ची एक खोड मात्र माहीत असू द्या. त्या पिनवर आर्डुइनोचा स्वतःचा दिवा असतो आणि बोर्ड रिसेट होताना बूटलोडर तो लुकलुकवतो. लॅपटॉपवर यूजीएस किंवा कँडल (जी-कोड पाठवणारे प्रोग्राम) उघडून पोर्ट जोडला की उनो रिसेट होतो. म्हणजे आपण नुसते ‘कनेक्ट’ दाबता आणि रिले टकटक करतो. तेवढ्यात व्हीएफडीला ‘फिर’ ही आज्ञा पोचते. मी हे यंत्र शांत असताना कानाने ऐकले आहे, पंखा चालू असेल तर लक्षातही येत नाही.

जुना_फिटर

म्हणूनच त्या रिलेच्या वाटेत एक फिरता स्विच आणि आपत्कालीन थांब्याचा लाल खटका, दोन्ही मालिकेत जोडावेत. कटर बसवून, झाकण लावून, चष्मा घातल्यावरच स्विच फिरवायचा. लाल खटक्याने स्टेपरची वीजही जाते, पण स्पिंडलसाठी त्याने एफओआरची वाट तोडावी. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामधल्या तीन तारांत स्विच किंवा कॉन्टॅक्टर कधीही घालू नये. चालू व्हीएफडीच्या पुढची वाट तुटली की त्याच्या आतील ट्रान्झिस्टर जातात. वेग उतरण्याचा वेळ, म्हणजे पीडी०१५, हावरेपणाने कमी करू नका. २४,००० वरून दोन सेकंदांत थांबवायला गेलात तर फिरत्या स्पिंडलची ऊर्जा डीसी बसमध्ये परत येते आणि व्हीएफडी जादा व्होल्टेजचा दोष दाखवून सुटतो. मग तो स्पिंडल ब्रेकशिवाय, आपल्या जोरावर फिरत फिरत थांबतो, म्हणजे घाईने उलट उशीरच होतो.

कोलशेतकर

रिले, फिरता स्विच आणि लाल खटका जोडले. डी१३ ची टकटक ऐरोलीताई म्हणतात तशीच येते, पण स्विच बंद असल्याने स्पिंडल स्थिर राहतो. एम५ वर स्पिंडल आता पूर्ण थांबतो.

अलार्म १ मात्र कायम आहे. उलट आता स्पिंडल सुरू होण्याच्या क्षणी जास्त वेळा येतो आहे असे वाटते.

घणसोलीवाला

$२१ शून्य करून हार्ड लिमिट बंद करावी. अलार्म येणार नाही.

जुना_फिटर

निदानासाठी तेवढ्यापुरते ठीक, उपाय म्हणून नाही. लिमिट बंद केल्यावर ज्या गोंगाटाने ती खोटी दाबली जात होती तोच गोंगाट स्टेपरच्या पल्सच्या तारांवरही पोचतो आणि मग अक्षर एका जागी सुरू होऊन दुसऱ्या जागी संपते.

निदान असे करावे. कोणताही अक्ष न हलवता स्पिंडल चालू करा आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्ह पाठवत राहा. जीआरबीएल स्थितीच्या ओळीत ‘पीएन’ या नोंदीपुढे त्या क्षणी दाबली गेलेली पिन दाखवतो. एकच अक्ष वारंवार दिसला तर त्या स्विचची तार तपासावी. सगळेच मिळून दिसले तर मूळ अर्थिंगमध्ये आहे.

कोलशेतकर

बहुतेक वेळा एक्स आणि झेड मिळून दिसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवले तर अलार्म बराच कमी होतो, पण थांबत नाही. स्पिंडलची केबल आणि लिमिटच्या तारा एकाच ड्रॅग चेनमधून जातात, दुसरी सोय नाही.

जुना_फिटर

मग तीन गोष्टी, आणि याच क्रमाने.

स्पिंडलच्या वरच्या गोल कनेक्टरला चार पिना असतात : तीन फेजच्या आणि चौथी अर्थची म्हणून. स्वस्त स्पिंडलमध्ये ती चौथी पिन आतून बॉडीला जोडलेलीच नसते. वीज पूर्ण बंद करून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर एक टोक चौथ्या पिनला आणि दुसरे स्पिंडलच्या उघड्या स्टीलच्या भागाला, कॉलेटच्या नटाला, लावून पाहा. आवाज आला नाही तर आपला स्पिंडल अर्थविना फिरतो आहे. हा केवळ गोंगाटाचा विषय नाही. आतील वाइंडिंगचे इन्सुलेशन गेले तर पूर्ण बॉडीवर वीज येईल आणि तेथेच पाण्याची नळी आहे.

दुसरे, स्पिंडलची केबल शिल्डेड असली पाहिजे आणि तिची जाळी व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला जोडलेली असली पाहिजे. जाळीची बारीक शेपटी वळून लांबवर नेण्यापेक्षा तिच्यावर पट्टी आवळून ती अर्थच्या पत्र्यावर टेकवलेली बरी.

तिसरे, गाळ्याच्या सॉकेटमधले अर्थिंग खरोखर आहे का ते पाहा. फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलइतकेच व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम काही व्होल्ट, असे मिळाले पाहिजे. न्यूट्रल–अर्थमध्ये मोठा आकडा मिळाला किंवा फेज–अर्थमध्ये आकडा डगमगत राहिला तर ती अर्थची पिन नुसती शोभेची आहे. अशा वेळी अर्थ न्यूट्रलला जोडून देणारे महाभाग भेटतात, त्यांना वायरिंगपाशी उभेही करू नका. परवानाधारक वायरमन बोलवा.

नेरुळचा_सुतार

आमच्याकडे असा व्हीएफडी लावल्यापासून आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असे. वायरमनने तो काढून साधा एमसीबी (फक्त जादा प्रवाहावर पडणारा) लावून दिला. आता त्रास नाही.

जुना_फिटर

त्रास नाही कारण त्रास सांगणारा काढून टाकला. व्हीएफडीच्या गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमधून अर्थकडे थोडी गळती नेहमीच होते आणि त्याच सर्किटवर फ्रीज, संगणक असे काही असेल तर सर्वांची बेरीज ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीला पाडू शकते. व्हीएफडीला स्वतंत्र सर्किट द्या, वायरमनकडून व्हीएफडीला चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी निवडून घ्या, आणि तरीही पडला तर खरी गळती शोधा. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर बंद राहिलेल्या स्पिंडलचे इन्सुलेशन ओलाव्याने उतरलेले असणे अगदी शक्य आहे. त्यासाठी स्पिंडलच्या तारा व्हीएफडीतून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मापकाने) फेज ते बॉडी मापावे. तारा न सोडवता मेगर लावला तर व्हीएफडी गेलाच म्हणून समजा. एक मेगोहमच्या खाली आकडा आला तर स्पिंडल सुकवल्याशिवाय वीज देऊ नये.

कोलशेतकर

चौथी पिन आणि कॉलेटच्या नटामध्ये काहीही जोड नव्हता. स्पिंडलचा धरकही अ‍ॅनोडाइज्ड असल्यामुळे तेथूनही अर्थ मिळत नव्हता. स्पिंडलच्या बॉडीवरील वरच्या झाकणाच्या स्क्रूखाली रिंग लग बसवून हिरवी तार थेट व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला नेली, आणि तेथून मुख्य अर्थपट्टीला. धरकाची एक बाजू कानशीने घासून धातू उघडा केला. केबलची जाळीही पट्टीने आवळली. गाळ्याचे अर्थिंग वायरमनने तपासले, ते ठीक आहे.

‘पीएन’ मध्ये आता एक्स कधीच दिसत नाही. झेड क्वचित, तेही २४,००० वरच.

ऐरोली_सर्किट

उरलेल्या झेडसाठी लिमिटच्या पिनजवळच, शिल्डवर, सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि सिग्नलवरून ५ व्होल्टला ४.७ किलोहमचा रोध द्या. आर्डुइनोचा आतला पुल-अप (सिग्नल ५ व्होल्टला धरून ठेवणारा रोध) फार कमजोर असतो, लांब तारेवर तो टिकत नाही. शक्य असेल तर स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) करून $५ त्यानुसार बदला. मग तार तुटली तरी यंत्र थांबेल, आणि विश्रांतीच्या वेळी सिग्नल ग्राउंडला घट्ट बांधलेला असल्याने त्याच्यावर गोंगाट सहजी चढत नाही.

कोलशेतकर

कपॅसिटर आणि रोध लावल्यावर झेडही गेला. $२१ चालूच ठेवले आहे.

परावर्तक पट्टी चिकटवून टॅकोमीटरने वेग पाहिला : एस१८००० ला रिकाम्या स्पिंडलवर १७,९०० च्या आसपास. पडद्यावर १८,००० दिसतात.

जुना_फिटर

तेवढा फरक योग्य आहे. पडदा वारंवारतेवरून हिशोब करून आकडा दाखवतो. १२० गुणिले ३०० भागिले दोन पोल म्हणजे १८,०००. प्रत्यक्षातील मोटर इंडक्शनची असल्याने थोडी मागे राहते, जोर लागल्यावर आणखी थोडी. व्हीएफडीवर वेग निम्मा केला की मिळणारी शक्तीही साधारण निम्मी होते, हेही ध्यानात ठेवा. १२,००० वर आपल्याकडे १.५ किलोवॉट नसतात. म्हणून अ‍ॅक्रिलिक वितळते म्हणून वेग फार खाली आणू नका. एका धारेचा कटर घ्या, १८,००० ठेवा आणि टेबलाची गती वाढवा. दर फेऱ्याला ०.०४ मिलिमीटर धरले तर १८,००० ला मिनिटाला ७२० मिलिमीटर होतात. अ‍ॅक्रिलिकला त्याहून थोडे जास्तही चालते, चुरा कण्यांसारखा आणि कोरडा पडला पाहिजे.

कोलशेतकर

७२० वर कापून पाहिले. कडा पांढुरकी पण स्वच्छ येते, कटरला काही चिकटत नाही.

एक शेवटची शंका. स्पिंडल पूर्ण वेगावर येण्याआधीच कटर मालात शिरतो. पीडी०१४ वर वेग चढण्याचा वेळ सहा सेकंद आहे. तो कमी करावा की कोडमध्ये थांबावे?

ऐरोली_सर्किट

कोडमध्ये थांबा. व्हीएफडीला घाई केली तर सुरुवातीचा प्रवाह वाढून तो ओव्हरकरंट दाखवेल. एम३ एस१८००० नंतर जी४ पी८ (आठ सेकंद थांब) ही ओळ घाला, आणि कॅमच्या पोस्ट-प्रोसेसरमध्येच (चित्रावरून जी-कोड लिहून देणाऱ्या भागात) ती कायमची लिहून ठेवा, म्हणजे दर फाइलला हाताने घालावी लागणार नाही. फक्त एक पाहा : जीआरबीएलमध्ये पी चा आकडा सेकंदांचा असतो, काही दुसऱ्या नियंत्रकांत तो मिलिसेकंदांचा. दुसऱ्या यंत्रासाठीचा पोस्ट-प्रोसेसर उचलून त्यातला पी५००० तसाच राहिला, तर आपले यंत्र स्पिंडल फिरवत ८३ मिनिटे उभे राहील.

घणसोलीवाला

आमच्याकडच्या फाइलमध्ये पी५००० च आहे. म्हणूनच नॉब बरी वाटत होती. बदलतो.